डीपी गेली का डीपी गेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसातून तीन-चार वेळा तरी कुणीतरी काउंटरवर येतं, "भाऊ, डीपीचं काम होतं" एवढंच म्हणतं आणि उभं राहतं. पुढं काय ते मीच ओळखायचं. कुणाला फोटो हवा असतो, कुणाला अर्ज, कुणाला नकाशा, आणि एकदा तर एक काका हातात काळं पडलेलं बटण घेऊन आले होते. रोज तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलंय.

डीपीचा खरा फुलफॉर्म काय?

खरा असा एकच नाहीये, भांडण तिथंच सुरू होतं. व्हॉट्सअ‍ॅपवाल्याचा डिस्प्ले पिक्चर, नगरपालिकेचा डेव्हलपमेंट प्लॅन, शेअरवाल्याचा डिपॉझिटरी पार्टिसिपंट, इलेक्ट्रिकच्या दुकानात डबल पोल, बँकेत ड्रॉइंग पॉवर, एक्सपोर्टवाल्याकडं डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट, इंजिनिअरिंगच्या पोरांचं डायनॅमिक प्रोग्रामिंग. आणि गावात डीपी म्हणजे डीपी, तिचा फुलफॉर्म कुणी विचारत नाही, ती फक्त असते किंवा गेलेली असते.

मग समोरचा नक्की कुठल्या डीपीबद्दल बोलतोय हे ओळखायचं कसं?

क्रियापद ऐका. खरंच, मी असंच ओळखतो. इंग्रजीत डीपीला ना लिंग ना काही, पण मराठीत शब्द आला की आपण त्याला पुल्लिंगी, स्त्रीलिंगी नाहीतर नपुंसकलिंगी करून टाकतो, आणि ते मूळ शब्दाकडं बघून नाही तर डोक्यात जी वस्तू आहे तिच्याकडं बघून करतो. शेतातली "डीपी जळाली" असते, फोनवरचा "डीपी बदलला" असतो कारण मनात फोटो आहे, शहराचा "डीपी मंजूर झाला" असतो कारण मनात आराखडा आहे, बँकेतली "डीपी कमी निघाली" असते कारण तिथं पॉवर आहे. म्हणजे नुसतं शेवटचं अक्षर ऐकलं तरी अर्धं काम होतं. सगळीकडं हे लागू होईलच असं नाही, फोटोलाही "डीपी बदलली" म्हणणारे भरपूर भेटतात, पण आमच्या काउंटरवर तरी दहातल्या आठ वेळा बरोबर निघतं.

नाही ऐकलं तर काय होतं ते सांगतो. आमच्या भावकीच्या ग्रुपवर चुलत्यांनी रात्री साडेदहाला टाकलं, "डीपी गेली". गहू ओंबीत होता, पाण्याची पाळी चालू होती, माणूस रानात बॅटरी घेऊन उभा. त्यावर पुण्यातल्या एका आत्तेभावाचा रिप्लाय, "नवीन लावा की काका, पंढरपूरचा लावा, मस्त आलाय तुमचा". चुलत्यांनी त्यानंतर आठ दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. आता बघा, काकांनी "गेली" लिहिलं होतं, "गेला" नाही. आत्तेभावानं तेवढं बघितलं असतं तर ही वेळ आली नसती.

शेतातली डीपी म्हणजे नेमकं काय असतं?

दोन खांबांच्या मध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर, त्याच्या खाली फ्यूजची पेटी, आजूबाजूला काटेरी झुडपं आणि पेटीचं दार बहुतेक वेळा गायब. वरून ११ हजार व्होल्टची लाइन येते, ट्रान्सफॉर्मर ती ४३३ व्होल्टवर उतरवतो आणि तिथून तुमच्या मोटारीला थ्री फेज जाते. नावाबद्दल लोक वेगवेगळं सांगतात, कुणी डिस्ट्रिब्यूशन पॉइंट म्हणतं, पण लाइनवर काम करणारी माणसं दोन खांबांच्या उभारणीला डबल पोल म्हणतात. मला तरी हेच पटतं, कारण लांबून बघितलं की आधी दोन डांबच दिसतात.

गंमत म्हणजे कागदावर डीपी शब्द फारसा येतच नाही. महावितरणच्या भाषेत ते डीटीसी, म्हणजे डिस्ट्रिब्यूशन ट्रान्सफॉर्मर सेंटर, असतं आणि पेपरात, सरकारी मराठीत "रोहित्र". अर्ज लिहून द्यायची वेळ आली की मी "रोहित्र जळाल्याबाबत" असा विषय टाकतो, आणि समोर बसलेले आजोबा हमखास म्हणतात, "रोहित्र नको लिहू, डीपी लिही, नाहीतर दुसरंच काहीतरी आणून बसवतील". मग मी रोहित्र लिहून पुढं कंसात डीपी टाकतो. दोघंही खूश.

डीपी एवढी जळते का? दर उन्हाळ्यात तीच रड.

बहुतेक वेळा ओझ्यानं. १०० केव्हीएची डीपी म्हणजे हिशोबानं साधारण १०० हॉर्सपॉवरच्या आसपास मोटारी, म्हणजे पाच एचपीच्या वीसेक. तिच्यावर मंजूर असतात वीस आणि प्रत्यक्षात चालतात तीस, वर तारेवर टाकलेले दोन-चार चोरीचे आकडे वेगळे, आणि कागदावर पाचची असलेली मोटार विहिरीत साडेसातची.

दुसरं कारण ऑटोस्विच. हे जरा नीट समजून घ्या कारण हे आपल्याच हातात आहे. लाइट रात्री किती वाजता येईल सांगता येत नाही म्हणून लोक स्टार्टरला ऑटोस्विच लावतात, लाइट आली की मोटार आपोआप चालू, माणूस झोपलेला. एकट्यानं लावला तर काही नाही. पण सगळ्यांनीच लावला की लाइट आल्याच्या त्याच सेकंदाला वीस-पंचवीस मोटारी एकदम उचलतात, आणि मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीला तो दणका बसतो. म्हणून महावितरण सारखं सांगत असतं की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. ऐकतं कोण, आणि रात्री दोनला उठून रानात जायचं कुणी, साप-विंचवाचं? दोन्ही बाजूनं खरं आहे ते.

तिसरं म्हणजे फ्यूज. फ्यूजची तार बारीक असते ती मुद्दाम, लोड वाढला की तिनं जळायचं आणि डीपीला वाचवायचं. ती सारखी उडते म्हणून कुणीतरी जाड तार नाहीतर चक्क अ‍ॅल्युमिनियमचा वेटोळा अडकवतो. मग फ्यूज काही उडत नाही, आतली कॉइलच जाते. शिवाय तेल कमी होतं, काही ठिकाणी तर चोरीला जातं, तेलच कॉइल थंड ठेवतं त्यामुळं ते गेलं की खेळ संपला. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार घागरी पाणी ओतत जा, एवढं तरी करा. पण पेटीत हात घालू नका, प्लीज. फ्यूज टाकायला गेला आणि चिकटला ही बातमी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातनं येतेच.

डीपी जळाली, आता तक्रार कुठं आणि काय लिहून द्यायची?

१९१२ वर फोन करा, तो विजेच्या तक्रारीचा टोल फ्री नंबर आहे. फोन करताना बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा. डीपीवर रंगानं एक नंबर लिहिलेला असतो, तोही सांगा, नाहीतर "वाडीकडची डीपी" म्हटलं की वाडीकडं चार असतात. फोननंतर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे तारीख आणि शिक्का, "साहेबांना सांगितलंय" ही पोच नव्हे. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलून द्यायचं असा वीज नियामक आयोगाचा नियम आहे आणि उशीर झाला तर भरपाई मागता येते. मिळायला वेळ लागतो, थकबाकीचा विषयही निघतो, पण मागायची तर तारखेचा कागद हातात पाहिजे म्हणून पोचेचा एवढा जीव काढतोय.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोला डीपी का म्हणतात?

व्हॉट्सअ‍ॅप स्वतः म्हणतच नाही, सेटिंगमध्ये जाऊन बघा, तिथं "प्रोफाइल फोटो" लिहिलंय. डिस्प्ले पिक्चर हा शब्द त्याच्या आधीचा, एमएसएन मेसेंजरवर होता, मग ब्लॅकबेरीच्या मेसेंजरवर होता, तो काळ गेला, ते फोन गेले, शब्द मात्र आपल्याकडं राहिला. म्हणजे ज्यांनी आयुष्यात ब्लॅकबेरी हातात धरला नाही ते आज्जी-आजोबासुद्धा त्याचाच शब्द वापरतायत.

आणि डीपीचं कॅलेंडर झालंय आता. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा, १४ एप्रिलला बाबासाहेबांचा, आषाढीला विठोबाचा, लेकीच्या वाढदिवसाला लेकीचा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी सांगितलं म्हणून सगळ्यांचा तिरंगा, तेव्हा तर कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये कोण कोण आहे ते नावावरूनच ओळखायला लागायचं. डीपी अचानक कोरा झाला, नुसतं राखाडी माणसाचं चित्र आलं, की लोक काळजीनं फोन करतात, काय झालं, बरं आहे ना. गेल्या वर्षी एकानं डीपीला मेणबत्तीचा फोटो लावला आणि त्याच्या घरी भेटायला माणसं आली. लाइट गेली होती म्हणून लावला होता त्यानं.

एखाद्याचा डीपी दिसायचा बंद झाला म्हणजे ब्लॉक केलं का?

केलं असेल किंवा नसेलही. प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा हे प्रत्येकाला ठरवता येतं, सगळ्यांना, फक्त सेव्ह असलेल्यांना, काही जण वगळून, किंवा कुणालाच नाही. समोरच्यानं फोन बदलला, तुमचा नंबर सेव्ह करायचा राहिला, की त्याचा फोटो गायब. नुसत्या डीपीवरून नातं तोडू नका. आमच्याकडं एका जाऊबाईंनी तोडलं होतं.

डीपीवरचाच फोटो फॉर्मला टाकता येईल का?

हा मला रोजचा प्रश्न. "दादा, डीपीला आहे बघा, तोच टाका." नाही चालत हो. एक तर त्यात गॉगल असतो, मागं सिंहगड असतो, आणि खांद्यावर कापलेल्या मित्राचा हात असतो. वर तो फोटो गोल कापून, दाबून दाबून एवढा लहान झालेला असतो की वेबसाइटला चेहराच कळत नाही. बऱ्याच फॉर्मला २० ते ५० केबीचा, साध्या मागच्या रंगाचा फोटो लागतो. शेजारी स्टुडिओ आहे, जा काढून आणा, पाच मिनिटं लागतात.

साहेबांचा डीपी असलेल्या नंबरवरून पैसे मागितलेत, द्यायचे का?

अजिबात नाही. डीपी म्हणजे ओळखपत्र नाही, कुणाचाही फोटो कुणीही लावू शकतं. नंबर बघा, त्या माणसाला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती, जितकं लवकर तितकी रक्कम मधेच अडवायची शक्यता जास्त. उद्या बघू म्हणू नका.

पुण्यात लग्नाची पत्रिका आलीय, पत्ता "डीपी रोड". कुठला?

अरे बापरे. एक एरंडवण्यात, म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडं नदीच्या कडेनं जाणारा, तिथं लॉन्सच लॉन्स आहेत, त्यामुळं लग्न असेल तर बहुधा तोच. पण एक डीपी रोड औंधला आहे, एक कोथरूडला आहे. मी स्वतः एकदा औंधच्या डीपी रोडवर रिक्षातनं उतरलो आणि लॉन शोधत बसलो, पोचेपर्यंत नवरा-नवरी जेवायला बसले होते. लोकेशन मागवून घ्या.

असं का, तर डीपी रोड हे नावच नाही मुळात. तो प्रकार आहे. शहराच्या विकास आराखड्यात, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये, जो रस्ता आखलाय तो डीपी रस्ता. रस्ता झाला, नाव द्यायचं राहिलं किंवा दिलेलं कुणाच्या तोंडात बसलं नाही, आणि नकाशावरचा शेरा तसाच पत्ता होऊन बसला. आमच्या गावातही बाह्यवळणाजवळ एक "डीपीचा रस्ता" आहे, नकाशात तो १२ मीटर आहे आणि जमिनीवर त्यात सध्या सोयाबीन आहे.

"प्लॉट डीपीत आहे" म्हणजे चांगलं का वाईट?

डीपीत कशासाठी आहे ते विचारा, मग ठरवा. हा डीपी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ खाली होतो, बोलताना सगळे एमआरटीपी कायदा म्हणतात, आणि साधारण २० वर्षांचा विचार करून शहराची जमीन वाटून ठेवतो. कुठं राहायचं, कुठं बाजार, कुठं शाळा, कुठं बाग, कुठून रस्ता. नकाशात पिवळा रंग म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. म्हणून एजंट "यलोमध्ये आहे शेठ, डोळे झाकून घ्या" असं म्हणतो. डोळे उघडे ठेवून घ्या. यलोमध्ये असलेल्या गटाच्या मधूनच १८ मीटरचा डीपी रस्ता जात असतो, आणि नेमका तो स्वस्तात मिळणारा प्लॉट त्या रस्त्यात असतो.

माझ्याकडं एक मास्तर आले होते, रिटायर झालेले, ग्रॅच्युइटीचे पैसे लावायचे होते. सातबारा काढून घेतला, फेरफार काढले, सगळं स्वच्छ, एकही बोजा नाही. म्हटलं सर, झोन दाखला, म्हणजे जमीन डीपीत कशासाठी ठेवलीय त्याचा कागद, आणि डीपीतल्या तेवढ्या भागाचा नकाशा काढलाय का. ते म्हणाले, सातबाऱ्यावर आरक्षण असतं तर दिसलं असतं ना. इथंच सगळे फसतात. सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, त्या जमिनीचं पुढं काय होणार ते डीपी सांगतो, आणि हे दोन कागद दोन वेगळ्या ऑफिसात असतात. झोन दाखला आल्यावर कळलं की निम्मा प्लॉट खेळाच्या मैदानात आहे. मास्तरांनी व्यवहार सोडला, टोकन गेलं थोडं, पण ग्रॅच्युइटी वाचली. त्या दिवशी मला चहा-क्रीमरोल मिळाला.

एक लक्षात ठेवा, नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या बऱ्याच गावांत डीपी नसतो, तिथं आरपी असतो, म्हणजे प्रादेशिक योजना. तिथं झोन दाखला त्याप्रमाणं मिळतो.

आमच्या जमिनीवर डीपीत आरक्षण पडलंय. जमीन गेली का?

लगेच नाही. आधी प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा जाहीर होतो आणि त्यावर हरकती-सूचना मागवतात. मुदत मोजकी असते, बहुतेक ठिकाणी ३० दिवस, आणि ती जाहिरात पेपरच्या आतल्या पानात बारीक अक्षरात येते, ज्या दिवशी आपण फक्त क्रिकेट वाचतो. हरकत लेखी द्या, नकाशाची प्रत जोडा, सुनावणीला स्वतः जा. हरकतींनी फरक पडतो का असं विचारतात, तर मुंबईचं उदाहरण बघा, तिथला २०३४ पर्यंतचा प्रारूप डीपी २०१५ साली आला, त्यात इतक्या चुका निघाल्या आणि एवढा आरडाओरडा झाला की तो मागं घेऊन नव्यानं करावा लागला, आणि मंजूर व्हायला २०१८ उजाडलं.

डीपी मंजूर झाला, आरक्षण राहिलं, पण १० वर्षं झाली तरी पालिकेनं जमीन घेतली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं नोटीस देता येते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत त्यांनी भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मात्र ही नोटीस मी टाइप करून देत नाही, कितीही ओळखीचा असला तरी. एक शब्द चुकला की त्यावरच केस फिरते, वकिलाकडं जा.

शेअर विकला तर "डीपी चार्जेस" म्हणून पैसे कापले. हे कसले?

इथं डीपी म्हणजे डिपॉझिटरी पार्टिसिपंट. तुमचे शेअर ब्रोकरकडं नसतात, ते डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत असतात, आणि देशात अशा दोनच आहेत, १९९६ ची एनएसडीएल आणि १९९९ ची सीडीएसएल. तिथं थेट जाता येत नाही, मध्ये जो एजंट लागतो तो डीपी, आणि बऱ्याचदा तुमचा ब्रोकरच तुमचा डीपी असतो. शेअर तुमच्या खात्यातून बाहेर गेला की तो हमाली घेतो. विकत घेताना नाही, विकताना. सकाळी घेऊन दुपारी विकला तर नाही, कारण तो खात्यात आलाच नव्हता.

खरी मेख अशी की ही हमाली नगावर नाही, कंपनीवर आहे. एका कंपनीचे हजार शेअर एका दिवशी विका, एकदाच चार्ज. पाच कंपन्यांचा एक-एक शेअर विका, पाच वेळा चार्ज, वर १८ टक्के जीएसटी. ब्रोकरप्रमाणं आकडा बदलतो, बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीस रुपयांच्या आसपास असतो. आमच्या शेजारच्या पोरानं ४० रुपयांचा एक शेअर ४६ ला विकला आणि "सहा रुपये प्रॉफिट" म्हणून स्टेटस ठेवला. दुसऱ्या दिवशी लेजर, म्हणजे ब्रोकरकडच्या खात्याचा हिशोब बघितला. स्टेटस काढला. कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे सौद्याच्या पावतीवर, हा चार्ज दिसत नाही, लेजरमध्येच दिसतो, म्हणून लोकांना वाटतं गुपचूप कापले.

डीपी आयडी म्हणजे माझा डीमॅट नंबर का?

त्याचा पहिला भाग. सीडीएसएलचा १६ आकडी नंबर असतो, त्यातले पहिले आठ डीपीचे, पुढचे आठ तुमचे. एनएसडीएलचा "आयएन" या दोन अक्षरांनी सुरू होतो. आयपीओचा, म्हणजे कंपनी पहिल्यांदा शेअर विकायला काढते त्याचा, फॉर्म भरताना हा नंबर चुकला तर अर्ज बाद होतो, म्हणून फोनवर सांगू नका, स्क्रीनशॉट पाठवा.

इलेक्ट्रिकच्या दुकानात "डीपी आणा" म्हणून वायरमननं चिठ्ठी दिलीय.

मघाशी म्हटलेले काळ्या बटणाचे काका ते हेच. इथं डबल पोल. साधं बटण फक्त फेज तोडतं, डीपी बटण फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतं, म्हणून गिझर, एसी, पाण्याची मोटार अशा जड वस्तूंना तेच लावतात. चिठ्ठीवर अँपिअर लिहून घ्या, २० का ३२. आणि अजून एक, डीपी आणि डीबी वेगळं, डीबी म्हणजे भिंतीतली ती पेटी ज्यात सगळे एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारे खटके, बसतात. डीबी आणायला सांगितलं आणि माणूस डीपी घेऊन आला असं आठवड्यातनं एकदा होतंच.

कर्ज १५ लाखांचं मंजूर आहे, बँक म्हणते डीपी १२ चीच आहे. म्हणजे?

ड्रॉइंग पॉवर, उचल करायची ताकद म्हणा. सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यात मंजूर लिमिट ही वरची रेघ, पण त्यातलं आज किती उचलता येईल ते तुमच्या दुकानात माल किती आहे त्यावर ठरतं. एक खत-बियाण्याचं दुकान घ्या. गोडाऊनमध्ये माल २० लाखांचा. त्यातला ४ लाखांचा उधारीवर आणलेला, कंपनीचे पैसे द्यायचेत, तो वजा. राहिले १६. बँक त्यातले २५ टक्के मार्जिन म्हणून बाजूला ठेवते, म्हणजे ४ लाख. उरले १२. ही तुमची डीपी. लिमिट आणि डीपी यात जे कमी तेवढंच मिळणार.

त्यासाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि ते टाइप करायला लोक माझ्याकडं येतात, ३० तारखेला, संध्याकाळी साडेपाचला. मागच्या महिन्याचंच नाव बदलून द्या म्हणतात. देऊ नका असं. खरीप संपल्यावरही तेवढाच युरिया शिल्लक दिसला की मॅनेजर एक दिवस गोडाऊन बघायला येतो.

द्राक्षाचा कंटेनर पाठवलाय, एजंट म्हणतो "डीपीवर आहे, काळजी नको".

थोडी करा. ही डीपी म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट. मालाचे कागद बँकेमार्फत तिकडच्या बँकेत जातात आणि गिऱ्हाइकानं पैसे भरले तरच कागद हातात मिळतात, कागदाशिवाय माल सुटत नाही. डीए, म्हणजे डॉक्युमेंट्स अगेन्स्ट अ‍ॅक्सेप्टन्सपेक्षा हे बरं, डीए मध्ये तो नुसती सही करून माल सोडवतो आणि पैसे नंतर. पण डीपीत बँक फक्त कागद सांभाळते, पैशाची हमी घेत नाही. तिकडं भाव पडला आणि त्यानं कागद सोडवलेच नाहीत तर माल तुमचाच, पण तो परदेशातल्या बंदरात, फ्रीजच्या कंटेनरमध्ये, रोजचं भाडं चढत. द्राक्ष काय हळद नाही थांबायला. हमी पाहिजे तर एलसी, म्हणजे बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट मागा.

जाताजाता, तोच कंटेनर न्हावा शेव्याला डीपी वर्ल्डच्या टर्मिनलवरून गेलेला असू शकतो आणि त्या डीपीचा याच्याशी काही संबंध नाही, तिथं डीपी म्हणजे दुबई पोर्ट्स.

पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, म्हणतो डीपी जमत नाही म्हणून नोकरी लागेना. फोटो बदलायला काय अवघड?

फोटो नाही हो काका. डायनॅमिक प्रोग्रामिंग, गणित सोडवायची एक पद्धत. मोठा प्रश्न लहान लहान तुकड्यांत तोडायचा, प्रत्येक तुकड्याचं उत्तर लिहून ठेवायचं आणि परत तेच काढत बसायचं नाही. समजा देवळाला दहा पायऱ्या आहेत, एका वेळी एक किंवा दोन चढता येतात, तर वर जायचे प्रकार किती? एक पायरी असेल तर १, दोन असतील तर २, पुढं मागच्या दोघांची बेरीज करत जायची, ३, ५, ८, १३ असं करत दहाव्या पायरीला ८९. एवढंच आहे ते, पण इंटरव्ह्यूत पायऱ्या नसतात. नाव रिचर्ड बेलमन नावाच्या गणितज्ञानं १९५० च्या दशकात दिलं, आणि त्यानंच लिहून ठेवलंय की नाव असं निवडलं की वरच्या राजकारण्यांना हरकत घेता येऊ नये. म्हणजे नावावरून काही कळत नसेल तर तुमची चूक नाही.

नव्या मॉनिटरच्या मागं "डीपी" लिहिलेलं भोक आहे.

डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआयसारखीच वायर, एक कोपरा कापलेली. ओढून काढू नका, बऱ्याच वायरींना खटका असतो, तो दाबून काढा.

गाडीच्या शोरूममध्ये "डीपी किती करणार" म्हणाले.

डाऊन पेमेंट. जितकं जास्त तितका हप्ता कमी. पुढचा प्रश्न.

डीपीला डीपीचाच फोटो ठेवला तर चालतो का?

चालतो की. आमच्या गावच्या एका पोरानं ठेवला होता. त्यांच्या मळ्यातली डीपी जळाली, अर्ज झाला, फोन झाले, रोज "उद्या येते" चाललं होतं. त्यानं वैतागून त्या काळ्या पडलेल्या, तेल गळणाऱ्या डीपीचा फोटो काढला आणि डीपीला लावला, खाली "दिवस पहिला". मग रोज आकडा बदलायचा. चौथ्या दिवशी त्याच्या मामानं, मेव्हण्यानं, दूधवाल्यानं तोच फोटो लावला, सातव्या दिवशी अख्ख्या वाडीचा एकच डीपी, आमच्या दुकानाच्या ग्रुपवर तर कोण बोलतंय तेच कळेना. अकराव्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नवी आणली, पोरांनीच खाली उतरवून घेतली, नारळ फोडला, आणि संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या. त्या रात्री त्यानं डीपी बदलला, परत बुलेटवर बसलेला गॉगलचा फोटो. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन विचारतो, "भाऊ, हाच फोटो भरतीच्या फॉर्मला टाकता का?"